टेप नंबर एकशे बारा

"काका, पेन ड्राइव्ह द्या पटकन. कोण बघतंय?"

सुखदेव भालेरावांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'कॅसेटची प्रत मिळणार नाही. कारण विचारू नये.' विद्यापीठाच्या ग्रंथालयात अटेंडंट म्हणून लागले, त्या वर्षी ती त्यांनीच रंगवली होती. तिच्यापुढे भल्याभल्या प्राध्यापकांची डाळ शिजली नव्हती. आज ती त्यांनाच आडवी आली. आपलेच दात, आपलेच ओठ.

अक्षता, विभागाची नवी ग्रंथपाल, कपाळाला हात लावून बसली.

टेबलावर टेप नंबर एकशे बारा होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात राबणाऱ्या बायकांवरचा चाळीस मिनिटांचा माहितीपट. कामगार इतिहासाच्या वर्गासाठी तो राखीव कपाटात असायचा. चिठ्ठी भरायची, इथेच बसून बघायचा, बाहेर न्यायचा नाही. पडदे ओढायचे, कापसाने व्हिडिओ मशीनचं हेड पुसायचं आणि दाराशी उभं राहायचं, हे काम सुखदेवांचं. काय दिवस होते ते! एका टीव्हीपुढे तीस मुलं मांडीला मांडी लावून बसायची.

सतराव्या मिनिटाला पडद्यावर मालनबाई यायच्या. जेवणाचा डबा सोडता सोडता कॅमेऱ्याकडे बघून हसायच्या. "माझा सुखदेव लई हुशार हाय. त्याला म्या युनिव्हर्सिटीत शिकायला धाडणार."

मुलंही हसायची. तो सुखदेव दाराशी उभा आहे, हे त्यांना कधी कळलं नाही. बारावीनंतर वडील गेले आणि तो विद्यापीठात आला तो नोकरीला. आता आई जाऊनही वीस वर्षं झाली होती. तिचा आवाज या टेपेशिवाय कुठेच नव्हता. हे त्यांनी आज सकाळी अक्षताला सांगितलं, तेही पहिल्यांदाच.

आता हा माहितीपट संगणकावर उतरवून झाला होता आणि विद्यार्थ्यांना घरबसल्या लिंकवर दिसणार होता. दिग्दर्शिका वारल्या होत्या, हक्क मुलीकडे होते. तिने परवानगी दिली ती अटी घालून. लिंक फक्त या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना, प्रत काढायची नाही, मूळ टेप परत पाठवायची. टेप आजच कुरिअरने निघणार होती. शुक्रवारी सुखदेव निवृत्त होणार होते.

"अहो, मग त्या बाईंनाच विचारते ना. एका प्रतीला नाही म्हणतील का?"

"ग्रंथालयाच्या पत्रात घरचं गाऱ्हाणं? नको मॅडम. आपल्याला नाही जमायचं."

त्यांनी टेप खोक्यात ठेवली, चिकटपट्टी लावली आणि त्यावरून दोनदा हात फिरवला. मग शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर पसरला. 'कामगार इतिहास प्रमाणपत्र अभ्यासक्रम. प्रवेश अर्ज. पात्रता बारावी उत्तीर्ण. वयाची अट नाही.'

"काका! तुम्ही ॲडमिशन घेताय?"

"लिंक विद्यार्थ्यांना मिळते ना? मग विद्यार्थी होतो. नियमात बसतंय."

नाव, पत्ता त्यांनी भराभर लिहिला. 'आईचे नाव' या रकान्यापाशी हात थांबला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पाटी रंगवावी तसं एकेक अक्षर काढलं. मालनबाई. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत.

अक्षताने अर्ज हातात घेतला. एक गोष्ट सांगणं भाग होतं.

"पास झालात की लिंक बंद होते हो, काका."

"आणि नापास झालो तर?"

"तर पुढच्या वर्षीही चालू राहते."

सुखदेवांनी पेनाला टोपण लावलं.

"मग अभ्यासाची काही घाई नाही."