पासवर्ड लागला

डोळखांबच्या मजुरांच्या संस्थेत कमळ सकाळपासून मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. गाठोड्यात नाचणीच्या भाकऱ्या होत्या. दिवस भरत आलेल्या लेकीला वीटभट्टीवरून आणायला निघाली होती. तिला कामाला नेणाऱ्या मुकादमाचा फोन बंद. कोण कुठल्या भट्टीवर गेलं, हे संस्थेच्या सर्व्हरलाच ठाऊक होतं. त्याचा मुख्य पासवर्ड काही केल्या लागत नव्हता. शेवटी संगणकावर बसणाऱ्या नरेंद्रने मोबाइलवरच्या व्हिडिओप्रमाणे जुना फोल्डर उडवला, सर्व्हर नव्याने बसवला, नवा पासवर्ड घातला. पहिल्याच फटक्यात लागला. "उघडला, मावशी," तो हसला. त्याने लेकीचं नाव टाकलं, मग पाड्याचं. मग काहीच न टाकता शोधलं. स्क्रीन रिकामीच. सगळी नावं जुन्या फोल्डरात होती. कमळ गाठोडं काखेत मारून उठली. "पत्ता लिवून दे रे, यष्टी सुटंल." नरेंद्रने कोरा कागद ओढला आणि खिशालाच लावलेलं पेन शोधत राहिला.