कोठडी क्रमांक सात

राजधानी बघायला गेलेलं आमचं अख्खं कुटुंब शनिवारी गजाआड झालं. पण ते जाऊ दे, तसं काही झालंच नाही असं समजा. सहल मस्त चालली होती.

जुन्या तुरुंगाच्या संग्रहालयात बाबांनी आम्हाला कोठडीत फोटोला उभं केलं आणि फोटो खरा वाटावा म्हणून स्वतःही आत येऊन स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं. शंभर वर्षांचं कुलूप खट्कन लागलं. धावत आलेला पहारेकरी म्हणाला, "चावी त्या समोरच्या काचेच्या कपाटात मांडलीय. कपाटाची चावी साहेबांकडे. आणि साहेब सहकुटुंब सहलीला गेलेत, उद्या येतील."

"तरी मी सांगत होते, बागेत जाऊ," आई म्हणाली.

बाबांनी मात्र ऐसपैस मांडी घातली. "बरंच झालं. आता पळशील कुठे? सांग, नोकरी का सोडलीस?"

सहा महिने मी हाच प्रश्न चुकवत होतो. मी गजांतून हात घालून पहारेकऱ्याकडून अभिप्रायवही मागून घेतली आणि लिहिलं:


"महोदय, सुटकेची घाई नाही. मात्र प्रस्तुत कैद्यास तातडीने एकांतवासाच्या कोठडीत हलवण्यात यावे, ही नम्र विनंती."