न गिळलेला घोट

"मावशी, एक घोट पिऊन दाखवा," स्टेशनच्या तपासणीवरची मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली.

थांगमावशींच्या थर्मासमध्ये डुकराच्या पायांचं सूप होतं. बाळंतीण लेकीला दूध यावं म्हणून पहाटेपासून उकळलेलं. मावशींनी परोपरीनं सांगून पाहिलं: नातू दिवस भरायच्या आधीच झालाय, दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे, तो बाहेर येईपर्यंत मांस खाणार नाही असा क्वानयिन देवीला शब्द दिलाय, आज बाविसावा दिवस. मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, नियम सगळ्यांना सारखा. पातळ काही बरोबर न्यायचं तर स्वतः पिऊन दाखवायचं, नाहीतर इथंच ठेवून जायचं. तेवढ्यात वरून दोन मोनोरेल निघून गेल्या आणि मागची रांग कुरकुरायला लागली.

मावशींचं डोकं सणकलं. जळला मेला तो नियम. त्यांनी झाकण उघडलं, घोट तोंडात घेतला, पण गिळला नाही. गिळलं तर खाल्लं. नुसतं तोंडात धरलं तर देवी समजून घेईल, असं त्यांनी मनाशी ठरवलं, जिना चढल्या आणि समोर आलेल्या गाडीत घुसल्या.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. एका हातात थर्मास, दुसऱ्यात वरची लोंबती कडी, थुंकणार कुठं? आणि दवाखाना पाच स्टेशनं लांब. शेजारी फिरायला आलेलं एक जोडपं. त्यातली बाई विचारत सुटली, गाडी बिल्डिंगच्या पोटातून जाते ती जागा कधी येणार, फोटो कुठल्या बाजूनं चांगला येतो. मावशींनी नुसती मान हलवली.

"मुकी आहे बिचारी," बाई नवऱ्याला म्हणाली.

मावशींना तिच्यावर खेकसायचं होतं. नदीकाठच्या वळणावर गाडी कलली आणि घोट थेट घशाशी आला. डोळे गच्च मिटून त्यांनी तो कसाबसा परत पुढं आणला. चौथ्या स्टेशनावर फोन वाजला. लेक होती, यालान.

"आई, बाळाला पेटीतून काढलं गं. आत्ता माझ्या छातीशी आहे, त्याचा तो श्वास घेतोय. आई? ऐकतेयस ना? बोल की काहीतरी."

मावशींच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी घोट गिळला.

"अगं मेले," त्या एवढ्या जोरात ओरडल्या की सगळी गाडी वळून बघायला लागली, "चार स्टेशनं आधी फोन करायला काय झालं होतं तुला?"