तांबेऱ्याचा तपास

लसणाच्या पातीवर तांबेऱ्याचे नारिंगी, भुकटीदार ठिपके दिसले आणि काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोग आपल्या वाफ्यात आपोआप येईलच कसा? शेजाऱ्यांकडूनच आला असणार! रोगट पाती खुडून टाकून त्यांनी तडक शेजारच्या वहिनींचं फाटक गाठलं.

"तुमचा लसूण बघू जरा," म्हणत त्यांनी पात न् पात चिमटीत धरून चोळून पाहिली. मग मास्तरांचा वाफा, मग डॉक्टरीणबाईंचा. सगळीकडे लसूण ठणठणीत!

काका हिरमुसून घरी परतले. "तांबेरा कुणाकडेच सापडला नाही गं."

काकूंनी त्यांची नारिंगी भुकटीने माखलेली बोटं पाहिली आणि साबण पुढे केला.

"धीर धरा. आठ-पंधरा दिवसांत घरोघरी सापडेल."