ढोल्या ओळख विसरला

वायरमन रोज खेळायचा त्या गेमचं नवं अपडेट आलं आणि ढोल्या ओळख विसरला. तीन वर्षं हाताने चारून माणसाळवलेला, हाकेसरशी धावत येणारा डायनासोर आज वायरमनच्याच अंगावर आला आणि शेपटीच्या एका तडाख्यात त्याला लोळवून मोकळा झाला. वायरमनचं डोकंच फिरलं. त्याने गेमच्या कंपनीला तणतणत लिहिलं, "पोटच्या पोरासारखा सांभाळला मी त्याला! असा कसा विसरेल मला? होता तसा करून द्या."

उत्तर आलं, "जुनी ओळख परत आणता येत नाही. पहिल्यापासून सुरुवात करा. समोरून जा, हळू जा, हातात खाणं ठेवा."

"यांच्या बापाचं काय जातंय सांगायला!" तो करवादला.

तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "अहो, बाबा माझ्या हातून खात नाहीयेत. तुम्ही बघा जरा."

वाटी घेऊन तो आत शिरला. जन्मभर त्याला 'गाढवा' म्हणून हाक मारणारे बाबा दचकून भिंतीकडे सरकले.

"आपण कोण?"

 

वायरमन मागे फिरून दारापर्यंत गेला, आणि वाटी पुढे धरून समोरून, अगदी हळू, पुन्हा आत आला.