स्वयंपाकघरातला कॅमेरा

नूपुरने पिशवीतून काळी पेटी काढली आणि काउंटरवर ठेवली. तळहाताएवढीच होती. वडिलांच्या घरातल्या कॅमेऱ्यांचं सगळं रेकॉर्डिंग तिच्यात व्हायचं.

"मंगळवारचं पाहिजे, भाऊ. पुसलं गेलं म्हणतात."

सदरमधल्या त्या कॅमेरे-दुरुस्तीच्या दुकानात रोशन एकटाच होता. त्याने पेटीला स्क्रीन जोडली.

मंगळवारी तिचे वडील आनंदराव स्वयंपाकघरात पडले. संध्याकाळी सापडले तेव्हा जीव उरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ तसेच पडून होते. वेळेवर आणलं असतं तर वाचले असते. त्यांना सांभाळणारी माया त्या दिवशी घरात नव्हती.

"बाबांनीच सुट्टी देल्ली, ताई. मी कुही गावाले पोरीकडे गेली होती," माया रडत सांगत होती.

हैदराबादहून धावत आलेला तिचा भाऊ दुर्गेश डोकं धरून बसला होता. "मी मीटिंगमध्ये होतो वं, नूपुर. मोबाइलवर कॅमेरा पाह्यलाच नाही. हिनंच ढकललं असन बाबाले. नाहीतर रेकॉर्डिंग काहून पुसलं?"

नूपुरने मायाच्या कानाखाली वाजवली होती. कालपासून माया पोलीस ठाण्यात होती. ती सुटता कामा नये, एवढ्यासाठी नूपुर ही पेटी घेऊन आली होती.

"डिस्क साफ केली कोणीतरी," रोशन म्हणाला. "पण लहान दिसते म्हणून हिले कमी समजू नका. डिस्कवर जाते तेच आतल्या कार्डातबी जाते. कार्ड शाबूत आहे."

पहिल्या क्लिपमध्ये माया पिशवी घेऊन उभी होती. आनंदराव हसून तिला 'जा, जा' खुणावत होते. दुसरीत ते एकटेच होते. फळीवरच्या डब्याला हात घातला, पाय सरकला, ओट्यावर आपटून खाली आले.

जवळपास कोणीच नव्हतं.

नूपुरचा चेहरा उतरला. मायाच्या गालावर उठलेली बोटं तिला आठवली. पोलीस ठाण्यात फोन करायला तिने मोबाइल काढला.

"थांबा, ताई. अजून क्लिपा आहेत."

"पडल्यावरच्या?"

"हो. हे कॅमेरे काही हललं तरच रेकॉर्ड करते."

म्हणजे बाबा हलत होते. एकामागून एक क्लिप आली. ओट्यापासून दाराकडे ते वीतभर सरकले. मग आणखी वीतभर. खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. शेवटच्या क्लिपमध्ये त्यांनी मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं. ओठ हलले.

"आवाज येते काय याले?"

"येते ना. मोबाइलवरून कोणी बोललं तर तेबी येते. दोन्हीकडून बोलता येते याच्यात." रोशनने आवाज वाढवला.

"दुर्गेश," आनंदराव फरशीवरून म्हणाले, "दिसून राहिलो ना गा मी तुले?"

नुसती खरखर आली. रोशनने बटणाकडे हात नेला, नूपुरने तो धरला.

मग कॅमेऱ्यातून दुर्गेशचा शांत, प्रेमळ आवाज आला.

"दिसून राहिले, बाबा. हलू नका. आता थोडाच वेळ राहिला."