दुरुस्तीची प्रत

मेमरी भरली की बरेच दिवस हात न लागलेलं आधी बाहेर काढायचं, हा कर्नेलचा, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, साधा नियम. नव्या आवृत्तीत मात्र रोज लागणारंच बाहेर फेकलं जात होतं आणि अडगळ जपून ठेवली जात होती; म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! आठवडाभर एकेक बदल मागे घेत मी तपासत बसले, तेव्हा कुठे खोट सापडली, एका ओळीत. ओळ माझ्याच नवऱ्याची निघाली.

तो ती ओळ लिहीत होता तेव्हाच, याच टेबलापाशी, मी त्याला म्हटलं होतं, "अरे, ही अट उलटी पडेल."

"सिद्ध करून दाखव, कान पकडतो," म्हणाला आणि माझ्याच कपातला चहा पिऊन मोकळा झाला.

आता पुरावा हातात होता. ज्याची चूक, त्याला दुरुस्तीची प्रत गेलीच पाहिजे, हा आमच्या कामातला दंडक. मी त्याचा पत्ता घातला, खाली "पकड आता कान" असं जास्तीचं लिहिलं आणि मेल पाठवून दिली.



आतल्या खोलीत त्याचा फोन वाजला. तो गेला त्याला आठ महिने झाले, पण त्या फोनची बॅटरी मी एकदाही संपू दिलेली नाही.